हितूनं पाठवलेल्या कुरडया

मायक्रोवेव्ह आमच्या घरी आला तेव्हा मी त्यात शेवयांचा डबा ठेवायची. दार घट्ट बसतं, मुंगी आत जात नाही, अजून काय पाहिजे? पोरानं हौसेनं तिकडून ऑनलाइन मागवून असोद्याच्या घरी पोचवला होता. हितू, म्हणजे हितेंद्र, माझा एकुलता एक, अमेरिकेत टेक्सासला नोकरीला आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला तो डबा दिसला की कपाळाला हात लावायचा. "आई, ते कपाट नाही गं!" मी म्हणायची, "तू तुझं घर सांभाळ, माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसू नको." अशी आमची भांडणं. तेव्हा भांडायलाही बरं वाटायचं.

आता नानांचं सांगते. नाना म्हणजे माझे मालक. तोताराम नाव, पण सारं गाव नाना म्हणतं आणि मीही नानाच म्हणते. त्यांना साखरेचा आजार. पथ्य सांगितलं की हसायचे. मागच्या उन्हाळ्यात केळीच्या बागेत ठिबकची नळी सरळ करत होते, पायात तार घुसली आणि या माणसाला पत्ताच नाही! पाय बधिर झालेला. घरी येऊन ओट्यावर बसले तेव्हा चप्पल रक्तानं चिकटली होती, ते मी पाहिलं. म्हणाले, "कोनाचं रक्त हाये वं?" मी म्हटलं, "शेजाऱ्याचं! कोणाचं असणार?"

ती जखम काही भरेना. जळगावच्या डॉक्टरकडे खेटे सुरू झाले. पट्टी सोडायची, धुवायची, परत बांधायची. डॉक्टर तरणा होता, पण बोलायला सरळ. म्हणाला, "काकू, साखर खाली आली पाहिजे आणि अंगात प्रोटीन गेलं पाहिजे. भाकर, भात, केळी बंद करा. अंडी द्या, मटण द्या, मासे द्या. जखम भरायला शरीराला काहीतरी लागतं की नाही? असंच चाललं तर पाय जाईल, आणि पायावर थांबणार नाही."

अंडी! आमच्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नाही. नानांच्या गळ्यात तुळशीची माळ, लग्नाच्या आधीपासूनची. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानात कोणी काय जेवतंय हे कळलं तर हे पानावरून उठणार. डॉक्टरला मी म्हटलं, "दुसरं काही सांगा." तो म्हणाला, "मग मूग, हरभरा, सोयाबीन, पनीर. पण पोटभर."

झालं! माझी परीक्षाच सुरू झाली. मुगाचं धिरडं केलं, मोडाची उसळ केली, सोयाबीनच्या वड्या केल्या. वड्या पाहून म्हणाले, "हे मटनासारखं दिसते, उचल." हरभरा दिला तर, "हितूची माय, मी काय घोडा हाये का?" त्यांना पाहिजे होतं आपल्या असोद्याच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर. भाकर नाही तर भरीतही नको, म्हणून ताट सरकवून द्यायचे. सदरा खांद्यावर लोंबायला लागला. जखमेत बोट जाईल एवढा खड्डा. मी चुलीपुढे बसून रडायची आणि ते आत पडून, "काय जळलं का वं?" असं विचारायचे.

हितूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, मी एक वस्तू पाठवतो. इकडे साखर असलेले लोक खातात, मी पण खातो. त्यात पीठ नाही, साखर नाही, नुसतं प्रोटीन. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं की कुरडईसारखं फुलतं."

"कशाचं असतं?"

"प्रोटीनचं."

"अरे, पण प्रोटीन कशाचं? मुगाचं का सोयाबीनचं?"

"कडधान्याचं समज ना, आई. तू नानांना खाऊ घाल फक्त."

समज म्हणाला. मेल्यानं खोटंसुद्धा धड सांगितलं नाही.

धुळ्याच्या त्याच्या एका मित्राचे आईबाप पोराकडे राहून परत येत होते, त्यांच्या बॅगेत त्यानं पिशव्या घातल्या. माझे दीर, रुपचंदभाऊजी, बसनं धुळ्याला जाऊन घेऊन आले. वाटेत मांडीवर धरून बसले होते, भावाचं औषध म्हणून. पिशव्यांवर काही छापलेलं नव्हतं, साध्या पारदर्शक पिशव्या. आत वाळलेले पिवळसर तुकडे, आपले बिबडे, ज्वारीचे पापड, मोडून ठेवले असावेत तसे. वरून तिखट भुरभुरलेलं. वास जरा निराळा होता, पण तिकडचा मसाला असेल म्हटलं.

शेवयांचा डबा बाहेर काढला. हितूनं फोनवर सांगितलं ते बटण दाबलं. आत तडतड तडतड सुरू झालं आणि पाहते तर ते एवढेसे तुकडे फुलून वाटीबाहेर! पांढरेशुभ्र, हलके. माय वं, मी तर टाळीच वाजवली. नानांनी एक तोंडात घातला. कुर्रकन आवाज झाला. डोळे मिटून बसून राहिले. मी घाबरले, म्हटलं आता थुंकतात. तर हात पुढे केला, "आन अजून."

किती महिन्यांनी त्या माणसानं काही मागितलं होतं!

मग रोजचंच झालं. सकाळी वाटीभर, संध्याकाळी वाटीभर, त्याच्यासोबत भरीत. भाकर सुटली. त्यांना आम्ही हितूच्या कुरडया म्हणायचो. मी एकही कधी खाल्ली नाही. एवढ्या लांबून आलेली वस्तू, त्यांनाच पुरायला पाहिजे. तेही मोठे उदार! रुपचंदभाऊजी आले की वाटी उशीमागे लपवायचे, आणि तोंडाचा कुर्रकुर्र आवाज भाऊजींना बाहेरूनच ऐकू यायचा. "दादा, काय खाता?" "काही नही, दात वाजते." माझी जाऊ कामिनी हसून हसून बेजार व्हायची.

साखर उतरली. जखमेची कड लाल झाली, मग गुलाबी. पट्टी बांधणारी नर्स म्हणाली, "नाना, मांस भरतंय बरं का." कशानं भरत होतं देव जाणे. औषधानं, भाकर सुटली म्हणून, का त्या कुरडयांनी, मी काही डॉक्टर नाही. पण माणूस जेवत होता आणि जेवताना हसत होता. काठी घेऊन ओट्यापर्यंत यायला लागले. मी म्हटलं, वाचलं माझं कुंकू.

त्या श्रावणात कानबाई आमच्या घरी होती. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशची माय. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, चौरंगावर बसवायची. घरातल्या माणसांच्या नावानं गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. सोवळं इतकं कडक की दळणाला बसलेली बाई मधे पाणी प्यायलासुद्धा उठत नाही. सारे भाऊबंद एका घरात जमतात आणि आदल्या वर्षाचा रुसवाफुगवा तिथे मिटतो.

नानांनी नवस केला होता. मला सांगितलं नव्हतं, कामिनीला सांगितलं होतं, जखम सुकली तर कानबाईपुढे माझ्या तोंडचा घास ठेवीन. नैवेद्याचं ताट तयार झालं. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, रोट. नाना काठी टेकत स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ते माह्या कुरडयायची वाटी कर. कानबाईले दाखवतो. तिनं मले उभं केलं, अन् मी तिले उष्टं झाल्यावर देऊ का?" त्या दिवशी सकाळपासून त्यांनी त्या तोंडात घातल्या नव्हत्या. देवीच्या आधी नको म्हणून. उशीमागे वाटी लपवणारा माणूस, स्वतःच्या हातानं ताटात पुरणाशेजारी रचत होता.

आरती झाली. घर भरलेलं, बायका गाणी म्हणत होत्या. कामिनीनं हितूला व्हिडिओ कॉल लावला, दर्शन घे म्हणून. तिकडे रात्र होती. हितू आणि सूनबाई डिंपल, दोघं आंघोळ करून डोकं झाकून बसलेले. हितूनं हात जोडले. कामिनीनं फोन देवीच्या तोंडावरून हळूहळू खाली आणला, चौरंग, समई, मग ताट.

"काकू, थांब," हितू म्हणाला. "ते काय आहे ताटात?"

नानाच बोलले, मोठ्या कौतुकानं. "तुह्याच कुरडया हाये बेटा! कानबाईले दाखवल्या."

"काढा!" तो ओरडला. "नाना, काढा ते! आई, ते ताट उचल आधी! कानबाईसमोरून उचल!"

गाणी थांबली. डिंपल त्याचा दंड ओढत होती, "अहो, गप्प बसा, गप्प बसा." ती पोरगी शहाणी. रुपचंदभाऊजींनी फोन हातात घेतला. "काहून रे? काय झालं?"

"काका, ते नॉनव्हेज आहे."

"कायचं?"

 भाऊजींनी परत विचारलं, दरडावून. मग माझा लेक लहान मुलासारखा रडायला लागला आणि सगळ्या भाऊबंदकीसमोर म्हणाला, "डुकराचं. डुकराचं कातडं आहे ते."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. बायकांनी पदर नाकाला लावले आणि एकेक करून लोक चपला घालायला लागले. रोट तसेच राहिले. जेवायला बसलेलं घर उपाशी उठून गेलं. चुलत सासरे जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या साली कानबाई आमच्याकडे बसवू." कामिनीनं पदराआड तोंड करून देवी उचलली.

मी पाहिलं तर नाना जागेवर नव्हते. ओट्याच्या कडेला, त्या पायावर उकिडवे बसून घशात बोटं घालत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं, काय निघणार? नुसते उमाळे. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, "इतके दिवस झाले वं. आता काय निघनार हाये?" मग आत आले, गळ्यातली माळ काढली, डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्यात ठेवून दिली.

त्या दिवसापासून त्यांनी पिशवीतली, डबीतली कुठलीच वस्तू तोंडात घातली नाही. डॉक्टरनं पावडर दिली, दुधात टाकून घ्या म्हणून. "त्यात काय हाये, कोनाले ठाऊक?" पनीर आणलं, "डेअरीतलं नको." हरभरा, मूग, सगळ्याकडे संशयानं बघायचे, जसं काही मी त्यात काही लपवलंय. घरच्या म्हशीचं दूध आणि माझ्या हातची चतकोर भाकर, एवढंच. तेही मी समोर बसून भरवलं तर. "तुह्या हातचं म्हनून घेतो," असं म्हणायचे. पोरानं फोन केला की भिंतीकडे तोंड.

मी मात्र पोराला सोडलं नाही. चांगलं सोलून काढलं. म्हटलं, "अरे, गप्प का नाही बसला? दोन घटका गप्प बसला असता तर काय बिघडत होतं? ताट उचललं असतं, बापानं परत वाटी मागितली असती!"

तो म्हणाला, "आई, कानबाई होती ती. तिच्यासमोर कसं चालेल?"

"आणि हा बाप होता तुझा!" मी म्हटलं. "याच्या तोंडात घालताना चाललं, अन् नारळासमोर ठेवलं तर जीव वर आला?"

"मला नाना जगायला पाहिजे होते गं."

"मग जगू द्यायचे होते!" मी फोन आपटला. देवा, तो तरी काय चुकला? आणि नाही कसा चुकला? माझं डोकं चालत नव्हतं. रागावू तरी कोणावर? त्यानं बापाला वाचवायला खोटं सांगितलं आणि देवीला वाचवायला खरं. दोन्ही वेळा मेला बापच.

जखम परत उघडली. मग करंगळी काळी पडली, मग शेजारचं बोट. डॉक्टर म्हणाला, आता घोट्यापासून काढावा लागेल, तेही अंगात ताकद आली तरच. नाना म्हणाले, "बाटलेलं आंग हाये, तुकड्या-तुकड्यानं कायले जाळता? एकदाच जाळा." आणि मला म्हणाले, "चाल, घरी चाल."

घरी आणलं. दूध अर्ध्या पेल्यावर आलं. एका दुपारी मी पाय चेपत बसले होते, चांगल्या बाजूचा. डोळे मिटून होते. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाले, "हितूची माय, कोनाले सांगशीन नको."

"काय?"

"त्याची चव जात नही वं तोंडातून. भाकर खातो, तीच चव येते. सपनात मी तेच खातो." आणि डोळ्यांतून पाणी. "असा कसा मी? माळकरी मानूस, अन् मले तेच पाहिजे."

 हा माणूस भुकेनं मरत होता, आणि भूक त्याला होती! भूक होती, हेच त्याला सहन होत नव्हतं.

भाऊजींनी साऱ्या पिशव्या शेतात खड्डा करून पुरल्या होत्या. एक मी ठेवली होती. कशाला, विचारू नका. मायक्रोवेव्हमध्येच होती, परत शेवयांच्या डब्यामागे. त्या दिवसानंतर त्याचं दार कोणी उघडत नव्हतं. घरात तेव्हा आम्ही दोघंच. मी उठले, पिशवी फाडली, वाटीत घातलं, बटण दाबलं. तडतड तडतड आवाज घरभर झाला. आतून त्यांचा आवाज आला, "काय करते वं? काय करते तू?"

वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, "कोणी नाही घरात. कोणाला कळणार नाही. खा."

त्यांची नाकपुडी हलली. तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं, गिळताना गळा वरखाली झाला. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. "दूर कर."

"पाप लागलं तर मला लागू दे."

"दूर कर म्हनतो ना!"

मला इतका संताप आला! त्यांचा, पोराचा, कानबाईचा, त्या माळेचा, सगळ्यांचा. एक मोठी कुरडई उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तोंडात घातली. कुर्रकन चावली, गिळली. काय होतं त्यात? मीठ आणि तिखट. साधी कुरडईच, मेली. ज्यापायी माझं घर उठलं, तिला धड चवसुद्धा नाही.

"घ्या," मी म्हटलं. "आता मीही बाटले. आता आपण दोघं सारखे. आता माझी तरी लाज धरू नका. खा."

ते वळून बघत राहिले. हात उचलला, पुढे केला. मला वाटलं, वाटीकडे येतोय. जीव एवढा एवढासा झाला माझा. हात माझ्या तोंडाकडे आला. ओठाला चुरा लागला होता, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला आणि अंगठा चादरीला घासला.

"हे तू कायले केलं?" म्हणाले. रागानं नाही. "या घरात एक तुहा हात चोखा राह्यला व्हता."

संध्याकाळी दुधाचा पेला घेऊन गेले. त्यांनी ओठ मिटून घेतले. मी म्हटलं, घोटभर घ्या. मानेनं नाही म्हणाले. खूप वेळानं हळूच म्हणाले, "कामिनीले बोलाव."

कामिनी आली, तिनं पाजलं, तिच्या हातून घोटभर घेतलं. तिला काही माहीत नव्हतं, ती आपली म्हणत होती, "अक्का, दादा माझ्या हातून घेतात, पाहा ना!" मी हो म्हटलं.

त्यानंतर माझ्या हातचं त्यांनी काही घेतलं नाही. दिवाळीच्या आधी गेले. हितू पोचायचा होता. शेवटचं पाणी पाजायचं तेव्हा तांब्या माझ्या हातात होता, मी उशाशीच बसले होते. त्यांनी डोळ्यांनीच कामिनीकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातला तांब्या घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. मग ती आत गेली आणि दुसरा तांब्या घासून भरून आणला.